दोनशे ऐंशी चिठ्ठ्यांची पक्की बांधणी

वाचनालयामागच्या खोलीतला आमचा प्रौढांचा वर्ग बंद पडायची वेळ आली, त्याला मी जबाबदार आहे, असं वर्गातले तेरा जण म्हणतात. वर्गात आम्ही एकूण चौदा. चौदावा मी, त्यामुळे मतं मोजण्यात काही अर्थ नव्हता. काय झालं ते मी नीट सांगतो. ऐकून तुम्हीही त्या तेरांच्या बाजूला गेलात तर माझी हरकत नाही. माझी बायकोही तिकडेच आहे.

वर्ग दुपारी चारला भरतो. पहिली दोन वर्षं मराठी अक्षरं झाली. अक्षरं संपली, चुका शिल्लक राहिल्या, तरी बाईंनी धीर करून इंग्रजी सुरू केलं. बाई वयाने आमच्या नातीएवढ्या. त्या आम्हाला आजी-आजोबा म्हणतात, आम्ही त्यांना बाई म्हणतो, आणि गृहपाठ झाला नसेल तर आम्ही सगळे एकजात आजारी असतो.

मी चाळीस वर्षं बाइंडिंग केलं. हजारो पुस्तकं शिवली, पण एकाही पुस्तकात काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं. पान उलटं लागू नये म्हणून मी कागदाचा समास बघायचो. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला तेव्हा काही वाटत नव्हतं. आता वाटतं, कारण आता वाचता येतं आणि त्यातली काही पुस्तकं इतकी मजबूत बांधायला नको होती असं लक्षात येतं.

तर एका सोमवारी शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. बाईंनी ते उभ्याने वाचलं. ‘वर्गाची प्रगती दिसून येत नाही. येत्या शुक्रवारपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याने स्वहस्ते केलेलं, सही केलेलं काम सादर न झाल्यास वर्ग बंद करण्यात येईल व खोली कार्यालयातील मोडक्या खुर्च्या ठेवण्यासाठी वापरण्यात येईल.’

“खुर्च्यांची प्रगती कोण तपासणार?” इस्त्रीवाल्या मावशींनी विचारलं.

मावशी आमच्या वर्गातल्या सगळ्यांत मागाहून आलेल्या. पण बोलण्यात पहिल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं इस्त्रीचं टेबल आहे. सात महिन्यांपूर्वी त्या वर्गात आल्या तेव्हा त्यांचं एकच मागणं होतं. बँकेत, दवाखान्यात, कुठेही गेलं की पुढे शाईचा डबा सरकवतात आणि अंगठा धरून दाबतात. “माझा अंगठा मला दाबता येतो,” त्या म्हणायच्या, “पण त्यांना धरायचाच असतो. मला सही शिकवा.” बाईंनी शिकवली. अजून ती कुठल्याही कागदावर झाली नव्हती, फक्त पाटीवर आणि कधी कधी वाफेने धुरकटलेल्या आरशावर.

आमचा तेव्हा अकरावा धडा चालू होता. बाई म्हणाल्या, याच धड्यावरची उदाहरणं लिहून प्रत्येकाने वीस चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येक चिठ्ठीखाली सही करायची, म्हणजे काम झालं.

हा अकरावा धडा समजून घ्या, कारण पुढे सगळे वाद झाले ते यावरूनच. इंग्रजीत एखाद्या वस्तूचं वर्णन करायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे गुण सांगणारा शब्द पुढे लावायचा. बिग बॉक्स, मोठी पेटी. ही तऱ्हा आपल्यासारखीच, त्यात काही नवल नाही. दुसऱ्या तऱ्हेत मात्र सरळ दुसऱ्या वस्तूचं नावच उचलून पुढे उभं करायचं. बुक शॉप. पुस्तकांचं दुकान. मधे ‘चा’ नाही, ‘ची’ नाही, ‘चं’ नाही. आपण मराठीत दोन नावं जोडायची तर मधे असा एक टाका घालतो. इंग्रजीत नुसती शेजारी ठेवली की झालं. बाइंडर म्हणून मला हे काही केल्या पटेना. टाका नाही, खळ नाही, मग राहतात कशी?

“राहतात, आजोबा,” बाई म्हणाल्या.

“पावसाळ्यातसुद्धा?”

बाईंनी पुढचं उदाहरण घेतलं.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त होतो आणि माझ्याकडे मोठी पिशवी होती. एवढ्या पात्रतेवर माणसाला जबाबदाऱ्या मिळतात, हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

आधी माझ्या स्वतःच्या वीस चिठ्ठ्या. घरी बसून पहिलीच चिठ्ठी मी केली ‘शूज शॉप’. ती बघून गप्पांना आलेले शेजारच्या घरातले टायपिस्ट जागेवरून उठले. हे कोर्टात पस्तीस वर्षं टायपिंग करत होते आणि आपलं इंग्रजी बोटांत आहे असं सांगतात.

“शू शॉप,” ते म्हणाले.

“एकाच बुटाचं दुकान?”

“आत हजार असू देत. पुढे आलं की एकच.”

“का पण?”

“मी टाइप केलंय.”

त्यांच्याकडे सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर असतं. मी म्हटलं, मग टूथब्रशही एका दाताचा का? ते म्हणाले, अर्थात. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, तुमच्या बाबतीत तर अगदी बरोबर लिहिलंय.” तीही वर्गात आहे, आणि धड्यात माझ्या दोन पानं पुढे आहे. हे ती कधी बोलून दाखवत नाही, फक्त वही उघडी ठेवते.

त्याच दिवशी मी चहा मागितला. सराव म्हणून म्हटलं, “टी कप आण.” तिने माझ्यापुढे कप ठेवला. रिकामा.

“चहा?”

“टी कप म्हणजे चहाचा कप. त्यात चहा असेलच असं नाही. चहा हवा असेल तर कप ऑफ टी म्हणायचं. धडा अकरा, शेवटून दुसरी ओळ.”

मी त्या कपातून पाणी प्यायलो. माणसाने आपला मान आपण राखावा.

मग ‘सोन्याची अंगठी’ अडली. गोल्ड रिंग की गोल्डन रिंग? टायपिस्ट म्हणाले दोन्ही टाइप केलंय. म्हणून मी कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेलो. त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “काका, गोल्ड म्हणजे सोन्याची. गोल्डन म्हणजे सोन्यासारखी. आमच्या धंद्यात हा फरक व्याकरणाचा नाही, पोलिसांचा आहे.”

हे मला एकदम पटलं. धंद्यातला माणूस बोलला की गोष्ट डोक्यात बसते. मी घरी येऊन हाच नियम लाकडाला लावला. वुडन चेअर म्हणजे लाकडासारखी खुर्ची, म्हणजे नकली. खरी असेल तर वुड चेअर. मी ठळक अक्षरांत ‘वुड चेअर’ लिहिलं.

“वुडन चेअर, आजोबा,” बाई म्हणाल्या.

“पण मग गोल्डन?”

“गोल्डनचं वेगळं. वुडन म्हणजे लाकडाचीच.”

“आणि नियम?”

“नियम आहे. यांची त्यातून सुटका आहे.”

मी म्हटलं, सुटलेल्यांची यादी द्या, मी तोंडपाठ करतो. बाई म्हणाल्या, तशी यादी नाही. मी जागेवर बसलो, पण ‘वुड चेअर’ खोडलं नाही. सोनाराचा शब्द मी असा वाऱ्यावर सोडणार नव्हतो.

मावशींना मात्र धडा इस्त्रीच्या टेबलावरच समजला होता. “त्यात काय आहे एवढं?” त्या म्हणाल्या. “सिल्क शर्ट म्हणजे रेशमाचा. सिल्की शर्ट म्हणजे हाताला रेशमासारखा लागतो तो. नायलॉनही सिल्की लागतं. गिऱ्हाईक काहीही सांगो, इस्त्री टेकवली की कळतं, सिल्क होता की सिल्की.” बाईंनी हे वाक्य आपल्या वहीत उतरून घेतलं. माझं एकही वाक्य त्यांनी अजून उतरून घेतलेलं नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या माझ्या पिशवीत आल्या. चौदा जण, प्रत्येकी वीस, दोनशे ऐंशी. आणि काय त्यांची दशा! कुणी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं, कुणी औषधाची खोकी उलगडून. मावशींनी शर्टाच्या घडीत घालतात त्या कडक पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या होत्या. काही चिठ्ठ्या तळहाताएवढ्या, काही वहीएवढ्या. कडा वाकड्या, कोपरे दुमडलेले. मी त्या टेबलावर ओतल्या आणि त्यांच्याकडे बघत बसलो.

आता इथे मला समजून घ्या. हलवायाला उघडी मिठाई दिसली तर तो झाकतो. नर्सला वाकडी पट्टी दिसली तर ती सरळ करते. मला सुटे कागद दिसले की हात शिवशिवतात. कार्यालयात आपल्या वर्गाचं काम जाणार, आणि ते असं पालापाचोळ्यासारखं जाणार? मोडक्या खुर्च्यांनासुद्धा दया आली असती.

गुरुवारी सकाळी मी पिशवी घेऊन माझ्या जुन्या कारखान्यात गेलो. तिथे आता नवे लोक आहेत, पण कोपऱ्यातलं टेबल माझं म्हणून ठेवलंय. मी आधी चिठ्ठ्या आकाराप्रमाणे लावल्या, मोठ्या खाली, लहान वर. लहान चिठ्ठ्या जाड कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याशी डकवून सारख्या केल्या. ठोकून ठोकून गठ्ठा जुळवला. दाभणाने भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली, पाठीला सरस, त्यावर कापडाची पट्टी. मग गठ्ठा मशीनखाली घातला आणि तीन बाजू कापल्या. पातं उतरतानाचा तो एकच करकरीत आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच त्याची गोडी कळेल. वाकड्या कडा एका झटक्यात सरळ. वर निळा पुठ्ठा, कोपऱ्यांना कापड. कापलेल्या पट्ट्या मी सवयीने पिशवीत भरल्या, कारण बाइंडर कागद टाकत नाही. इतकं देखणं पुस्तक मी गेल्या दहा वर्षांत बांधलं नव्हतं.

दुपारी चारला मी ते वर्गात बाईंच्या हातात दिलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

“अय्या!” बाई म्हणाल्या. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. वर्गाने मान उंचावली. मग त्यांनी पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मग भराभर सगळी पानं चाळली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

“आजोबा, सह्या कुठे आहेत?”

सह्या खाली, उजव्या कडेला होत्या. बाईंनीच तिथे करायला सांगितल्या होत्या. मी तीन बाजू कापल्या होत्या. उजवी आणि खालची त्यांत आल्या.

एकेक जण उठून पुस्तकाकडे आला.

“आणि ही पानं कोणाची आहेत?” बाईंनी हळूच विचारलं. “पहिली वीस कोणाची?”

“मी आकाराप्रमाणे लावली,” मी म्हणालो.

सगळ्यांत शेवटी मावशी उठल्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दादा,” त्या म्हणाल्या, “एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा कागदावर सही केली. वीस वेळा केली. आणि तुम्ही वीसही कापल्यात.”

“पट्ट्या आहेत माझ्याकडे,” मी पिशवी दाखवली.

“आता अंगठाही त्याच मशीनखाली ठेवते. म्हणजे प्रश्नच मिटला.”

त्या गेल्या. संध्याकाळी घरी माझा सदरा इस्त्री होऊन आला. पुढून, मागून, बाह्यांवर कडक इस्त्री. कॉलरला केलेली नव्हती. मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, “माझ्या हातात असतं तर जाळूनच पाठवला असता.”

शुक्रवारी सकाळी बाई आणि मी पुस्तक आणि पिशवी घेऊन कार्यालयात पोचलो. खिडकी नंबर चारवरच्या कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“काम आणलंय?”

“हे,” मी पुस्तक पुढे केलं.

“हे पुस्तक आहे. पुस्तकं खिडकी सात.”

खिडकी सातवरच्या बाईंनी विचारलं, “खरेदीचं की भेट आलेलं?” आम्ही म्हटलं, काम आहे. त्या म्हणाल्या, “काम चारला.” आम्ही पुन्हा चारला. कारकुनाने पुस्तक उलटसुलट केलं, वासही घेतला आणि सांगितलं, “प्रत्येक विद्यार्थ्याचं काम वेगळ्या फायलीत लागतं. पानं सुटी करून द्या.”

“ती सुटत नाहीत,” मी म्हटलं.

“सगळं सुटतं, आजोबा.” त्याने एक पान धरून ओढलं. पान आलं नाही. त्याने उभं राहून ओढलं. मग शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली. त्याने पुठ्ठा धरला, याने पानं धरली, आणि दोघे टेबलाच्या दोन बाजूंना पाय रोवून ओढू लागले. शिवण हलली नाही. इकडे वर्ग बुडत होता आणि माझी छाती फुगत होती. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छाती आत घेतली.

“राहू दे,” कारकून धापा टाकत खुर्चीत बसला. “सह्या तरी दाखवा.”

सह्या वेगळ्या आणल्यात, असं म्हणून मी पिशवी त्याच्या टेबलावर उपडी केली. त्याच्या डोक्यावर पंखा होता. तो मी पाहिला नव्हता. नाही, खरं सांगायचं तर पाहिला होता, पण तो बंद आहे असं मला वाटलं होतं, आणि बंद होताही. वीज त्याच क्षणी आली.

पुढचं वर्णन अवघड आहे. दोनशे ऐंशी सह्या आणि इतर चिंध्या एकदम उडाल्या. त्या कपाटांवर बसल्या, लोकांच्या खांद्यांवर बसल्या, एक कारकुनाच्या चहात पडली. रांगेतल्या लोकांना वाटलं काही वाटतायत, त्यांनी हात पुढे केले. मी गुडघ्यांवर बसून गोळा करू लागलो, बाई टेबलांखाली शिरल्या.

“आजोबा,” कारकून चहातली सही चमच्याने काढत म्हणाला, “सही कागदावर लागते. पिशवीत नाही.”

इतक्यात आतल्या खोलीचं दार उघडून साहेब बाहेर आले. उडणारी एक पट्टी त्यांच्या बाहीला येऊन चिकटली. कडक पुठ्ठ्याची. त्यांनी ती काढली, डोळ्यांजवळ नेली आणि एकेक अक्षर लावून वाचली.

“हे कोणाचं नाव आहे?”

बाईंनी टेबलाखालून बाहेर येऊन सगळं सांगितलं. माझ्याकडे बोट न दाखवता सांगितलं, पण एवढ्या मोठ्या खोलीत सगळ्यांची मान माझ्याकडेच वळली. साहेबांनी पुस्तक चाळलं. एक पान त्यांनीही हळूच ओढून पाहिलं.

“नियमाने हे काम धरता येत नाही,” ते म्हणाले. “एकच वाट आहे. आज चारला मी वर्गात येतो. प्रत्येकाने माझ्यासमोर आपापलं काम ओळखायचं आणि माझ्या रजिस्टरमध्ये सही करायची. ज्याचं त्याला ओळखता आलं नाही, ते काम झालंच नाही असं मी धरणार. मग खुर्च्या.”

चारला खोली गच्च भरली. चौदा आम्ही, आणि दारात टायपिस्ट, गरज पडली तर म्हणून. मावशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. साहेबांनी पुस्तक मधोमध उघडलं.

“वुड चेअर,” त्यांनी वाचलं. “हे चूक आहे. कोणाचं?”

“यांचं!” तेरा जण एका आवाजात ओरडले. बायकोचा आवाज सगळ्यांत वर होता.

साहेबांनी नोंद केली. “ओळख पटली.”

मी उठलो आणि सोनाराचा मुद्दा मांडला. गोल्डन म्हणजे सोन्यासारखी, तर वुडन म्हणजे लाकडासारखी का नाही? साहेब म्हणाले, तसं नसतं. वर्गातला भाजीवाला म्हणाला, मग वूलनचं काय, लोकरीचं की लोकरीसारखं? बायको म्हणाली, लोकरीचंच, मी स्वतः विणते. कुणी म्हणालं स्टोन वॉल म्हणजे दगडी भिंत, मग स्टोनी काय? दारातून टायपिस्ट म्हणाले, “दोन्ही टाइप केलंय!” सगळे एकदम बोलू लागले. साहेब पानं उलटत होते आणि प्रत्येक पानाला कुणीतरी सांगत होतं, हे त्याचं, तो शॉपला दोन ‘ओ’ लावतो, हे हिचं, हिला ‘एस’ उलटा येतो. दोन वर्षांहून जास्त काळ आम्ही एकमेकांच्या चुका इतक्या मन लावून बघितल्या होत्या की सह्यांची गरजच नव्हती.

शेवटी कडक पुठ्ठ्याची चिठ्ठी आली.

“हेल्थ ऑफिसर, हेल्दी ऑफिसर,” साहेबांनी वाचलं. “हे कोणाचं?”

“माझं,” मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

“फरक सांगा.”

मावशी वळल्या. “हेल्थ ऑफिसर लोकांची तब्येत बघतो. तो स्वतः आजारी असला तरी चालतो. हेल्दी ऑफिसर स्वतः धडधाकट असतो. दुसऱ्याचं बघेलच असं नाही.”

साहेब खूश झाले. ते टेबलावर रेलून म्हणाले, “आणि मी कोण?”

“तुम्ही एज्युकेशन ऑफिसर.”

“एज्युकेटेड नाही?”

“ते आम्ही अजून तपासलेलं नाही.”

बाईंनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात खोलीत खुर्च्या रचायला सुरुवात केली. आणि साहेबांना हसू फुटलं. असं फुटलं की त्यांना चष्मा काढावा लागला. चष्मा पुसून ते म्हणाले, “गोल्डन आणि वुडनचं मला खरंच सांगता येत नाही. मी बघून येईन.”

“बघून येणार म्हणजे परत येणार,” बायको लगेच म्हणाली. “तोवर वर्ग चालू ठेवावा लागेल, साहेब. नाहीतर सांगणार कोणाला? खुर्च्यांना?”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे उघडले. “एक वर्ष,” साहेब म्हणाले. “एक वर्ष मुदतवाढ. सह्या करा.”

त्यांनी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. आम्ही रांगेने सह्या केल्या. माझी झाल्यावर मी बाजूला जाऊन उभा राहिलो. सगळ्यांत शेवटी मावशी आल्या. त्यांनी पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि खाली वाकल्या.

बाहेर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. मावशींनी पहिलं अक्षर काढलं. सवयीने साहेबांनी रजिस्टर फिरवून घ्यायला हात पुढे केला होता, तो त्यांनी मागे घेतला. मावशींनी मधे थांबून पेन झटकलं, मग दुसरं अक्षर, मग त्याचा काना. पुन्हा हॉर्न वाजला.

“वाजू दे,” साहेब म्हणाले. “आजी, सावकाश.”

नाव झालं, आडनाव झालं. मग मावशींनी शिरोरेषा ओढायला सुरुवात केली. डावीकडून, पेन न उचलता, सगळ्या अक्षरांवरून, इस्त्री फिरवावी तशी एका दमात. ती आडनावाच्याही पुढे बोटभर गेली. मावशी सरळ झाल्या, त्यांनी लांबून एकदा सहीकडे बघितलं आणि रजिस्टर साहेबांकडे सरकवलं.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “आता कुठे न्यायचं तिथे न्या.”